‘कामगार आणि कोल्खोजची शेतकरीण’ हे शिल्प नक्की कोणाचे?

सांजवेळ (प्रश्न)

माझे वडील एका फिल्म सोसायटीचे सभासद होते आणि लहानपणी त्यांच्याबरोबर मी बरेच रशियन चित्रपट, अर्थ न कळताही, शेवटपर्यंत पाहिले. त्यांतल्या बहुतेकांच्या सुरुवातीला एक पोलादी जोडी पडद्यावर सावकाश वळत समोर येई. पुरुषाच्या हातात हातोडा आणि स्त्रीच्या हातात विळा असे. ते ‘मॉसफिल्म’ या चित्रपटसंस्थेचे बोधचिन्ह असल्याचे पुढे कळले, आणि हे शिल्प त्या संस्थेसाठीच केले असावे अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

मागच्या सप्टेंबरात मॉस्कोला गेलो असताना ते प्रत्यक्ष पाहिले. मान पूर्ण मागे टाकली तरच चेहरे दिसतात, इतके ते उंचावर आहे. आमच्या वाटाड्याने सांगितले की शिल्पाची कल्पना मुळात बोरिस इओफान या वास्तुकाराची होती, आणि व्हेरा मुखिना या बाईंनी ती ‘फक्त घडवली’. हे ‘फक्त’ मला खटकले, पण त्यावर बोलण्याइतकी माहिती माझ्यापाशी नव्हती. घरी आल्यावर जुनी छायाचित्रे पाहिली, तर त्यांत हेच शिल्प अगदी बुटक्या चौथऱ्यावर दिसते.

जाणकारांना विचारावेसे वाटते की शिल्पाचे श्रेय मुखिनाबाईंकडे किती जाते, आणि त्याची जागा किंवा उंची मध्ये कधी बदलली होती का? शिवाय दोघांच्या मागे वाऱ्यावर उडणारे जे लांब वस्त्र आहे ते कशासाठी? कामाच्या कपड्यांतल्या माणसांना शेला कोण देतो?

---

नेवाकाठ

वाटाड्याने सांगितले ते खोटे नाही, अर्धे आहे. 1937 साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरायचे होते आणि त्यातल्या सोव्हिएत दालनाच्या आराखड्याची स्पर्धा इओफान यांनी जिंकली होती. त्यांच्या आराखड्यात मागून पुढे पायरीपायरीने चढत जाणारी एक लांबलचक इमारत होती आणि तिच्या सर्वांत उंच टोकावर हातोडा व विळा उंचावलेली एक तरुण जोडी होती. दोन आकृत्या असाव्यात, त्या धातूच्या असाव्यात आणि त्यांनी पुढे पाऊल टाकलेले असावे, इथपर्यंत सारे इओफान यांचेच होते.

त्यानंतर 1936 मध्ये शिल्पकारांसाठी वेगळी मर्यादित स्पर्धा ठेवण्यात आली. मुखिनांबरोबर तिच्यात मात्वेई मनिझर, इव्हान शाद्र आणि व्याचेस्लाव आंद्रेयेव असे नावाजलेले शिल्पकार होते. विषय ठरलेला, आकृत्या ठरलेल्या, हातांतल्या वस्तूही ठरलेल्या. तरीही चारही नमुने एकमेकांपासून इतके वेगळे निघाले, की ‘कल्पना वास्तुकाराची, बाकी सारे मजुरीचे काम’ हा युक्तिवाद तिथेच निकालात निघतो. एकच बंदिश चार गवयांना दिली, तर चौघांच्या मैफली काही सारख्या होत नाहीत.

मुखिनांनी काय केले, ते तुमच्या शेल्याच्या प्रश्नातच दडलेले आहे. मूळ आराखड्यात भर होता तो उंचीवर. इमारतीचे सरळ वर गेलेले टोक, त्याच्यावर सरळ उभी जोडी आणि वर उचललेले हात. मुखिनांनी त्या उभ्या रेषेला आडवी गती दिली. दोघांचे आतले हात वर जाऊन जुळतात, बाहेरचे हात मात्र मागे फेकलेले आहेत, कपडे मागे ओढले गेले आहेत आणि या सगळ्यातून एक शेला सुटून मागे हवेत आडवा पसरला आहे. समोरून वारा येतो आहे आणि ही दोघे तो कापत निघाली आहेत, हे चेहऱ्यांपेक्षा तो शेलाच अधिक सांगतो. त्याचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे होते. मागे पसरलेल्या इमारतीच्या आडव्या रेषा तो शिल्पाला जोडून देत होता. तो नसता तर इमारतीच्या शेंड्यावर दोन बाहुल्या आणून ठेवल्यासारखे दिसले असते.

निवड समितीला तो बराच खुपला. तेव्हाचे सोव्हिएत सरकारप्रमुख मोलोतोव्ह यांनी विचारले होते की ही बाई ना नर्तकी, ना बर्फावर घसरणारी खेळाडू, मग हिला हे वस्त्र कशाला? मुखिनांनी उत्तर दिले की ते तोल साधण्यासाठी आहे. त्यांच्या मनात होता तो दृश्याचा तोल. पहिल्या नमुन्यात आकृत्या जवळपास विवस्त्र होत्या आणि समितीने त्यांना कपडे घालायला लावले. बाईंनी कपडे घातले, शेला मात्र सोडला नाही. त्यांचे श्रेय मोजायचे असेल तर मी या एका हट्टापासून सुरुवात करीन.

त्यांच्याविषयी थोडे सांगतो. जन्म रिगा येथे 1889 साली, व्यापारी कुटुंबात. 1912 ते 1914 या काळात त्या पॅरिसला अँटवान बूर्देल यांच्याकडे शिकल्या. बूर्देल हे प्रसिद्ध फ्रेंच शिल्पकार रोदँचे एके काळचे सहायक. म्हणजे 1937 मध्ये ज्या शहरात मुखिनांचे शिल्प उभे राहिले, तिथेच तेवीस वर्षांपूर्वी त्या मातीत हात घालून शिकत होत्या. हे काम आले तेव्हा त्यांची सत्तेचाळिशी उलटली होती. नीना झेलेन्स्काया आणि झिनाइदा इव्हानोव्हा या दोन शिल्पकार त्यांच्या सहायक होत्या. त्यांची नावे वाटाडे सहसा घेत नाहीत. म्हणून इथे मुद्दाम घेतली.

---

पत्राकाम

नेवाकाठ यांनी रूपाविषयी लिहिले आहे. मी पत्र्याविषयी लिहितो, कारण तीस वर्षे पिंपरी-चिंचवडमध्ये मोटारींच्या बॉडीचे काम केले आहे आणि माझ्या मते या शिल्पाचा निम्मा इतिहास पत्र्यातच आहे.

शिल्पाची उंची सुमारे 24 मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीइतकी. एवढे काम ब्राँझमध्ये ओतायचे तर वर्षे लागली असती, आणि हाताशी उरले होते काही महिने. प्योत्र ल्वोव्ह या अभियंत्याने सुचवले की ते क्रोमियम-निकेलच्या गंजरोधक पोलादाच्या पत्र्यात करावे. मुखिनांना शंका होती की हा कडक, चकचकीत पत्रा माणसाच्या अंगाची गोलाई धरील का. म्हणून आधी मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’चे डोके त्या पत्र्यात करून पाहण्यात आले. ते जमल्यावरच पुढचे काम सुरू झाले.

पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा होता. हा आकडा वाचून कोणाला काही वाटणार नाही, पण ज्याने तो हातात धरला आहे त्याला लगेच कळेल. अर्ध्या मिलिमीटरचा मोठा पत्रा दोघांनी दोन टोकांना धरला तरी मध्ये झोळ पडतो. अंगठ्याने दाबले की आत जातो आणि सोडले की ‘टक्’ असा आवाज करून बाहेर येतो. त्यातही गंजरोधक पोलाद उष्णता चटकन सोडत नाही. साध्या वेल्डिंगची ज्योत जरा रेंगाळली, की पत्रा वाकडा होतो आणि मग तो कोणाच्या बापाला सरळ होत नाही. स्पॉट वेल्डिंगने हे संकट टळते. एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांना तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबायचे, क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडायचा, की तेवढ्याच ठिपक्यात धातू वितळून दोन्ही पत्रे एक होतात. बाजूचा पत्रा तापायच्या आत काम संपलेले असते. आमच्याकडे गाडीचा प्रत्येक दरवाजा याच ठिपक्यांवर उभा असतो. मात्र एवढ्या मोठ्या शिल्पासाठी ही पद्धत तोवर कोणी वापरलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पत्राही आतल्या सांगाड्यावर बसवलेलाच आहे, पण तो तांब्याचा आहे, जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड आहे आणि त्याचे सांधे रिव्हेटचे आहेत.

आकार देण्याची रीत तर मला सर्वांत विलक्षण वाटते. छोट्या नमुन्यावरून मोजमापे वाढवून सुतारांनी लाकडाचे उलटे साचे केले, म्हणजे बाहेर फुगणारा दंड साच्यात आत खोलगट. पत्रा त्या खोलगट साच्यात ठोकून बसवायचा, कडा जोडायच्या, आतून आधार द्यायचा, मग साचा काढून घ्यायचा. शिल्पकार बाईंना आपले काम तपासायचे तर लाकडाच्या खोल कुंडात उतरून उलट्या बाजूने पाहावे लागे. खांदा फुगीर हवा की नाही, हे खड्ड्याकडे पाहून ठरवायचे! आमच्या डाय बनवणाऱ्या माणसांना ही नजर कमवायला पाच-सात वर्षे लागतात. मुखिना आणि त्यांच्या दोन सहायकांनी ती एका हिवाळ्यात कमावली.

शेल्याविषयी माझ्याकडून एवढेच. तो सुमारे 30 मीटर लांब आणि साडेपाच टन वजनाचा आहे आणि त्यातला सुमारे 10 मीटरचा भाग खालून कसल्याही आधाराशिवाय बाहेर आलेला आहे. दिसायला तोल साधला असेल, पण सांगाड्याचे गणित करणाऱ्याने तो तोल सांभाळताना रात्री झोप घेतली असेल असे मला वाटत नाही.

---

मुक्काम पोस्ट

उंचीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण दोन्ही अवस्था मी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. शिक्षणासाठी मॉस्कोत होतो तेव्हाची बुटकी आणि नोकरीनिमित्त पुन्हा गेलो तेव्हाची आत्ताची.

पॅरिसला शिल्प सुटे करून रेल्वेने नेले. 65 तुकडे होते आणि 28 वाघिणी लागल्या. पोलंडमधल्या एका बोगद्यात ते मावेनात, तेव्हा काही तुकडे आणखी कापावे लागले. पॅरिसला पोचल्यावर जोडणी अवघ्या 11 दिवसांत झाली आणि 25 मे 1937 रोजी प्रदर्शन उघडले. दालन सेन नदीच्या काठी, आयफेल मनोऱ्याच्या पलीकडच्या तीरावर होते, आणि बरोबर समोर हिटलरच्या जर्मनीचे दालन होते. त्याचा वास्तुकार आल्बर्ट श्पेअर. त्याने पुढे आठवणींत लिहिले आहे की सोव्हिएत दालनाचा गुप्त आराखडा आपल्याला चुकून पाहायला मिळाला, आणि त्या चालून येणाऱ्या जोडीला अडवील असा भरभक्कम मनोरा आपण मुद्दाम योजला. त्या मनोऱ्यावर गरुड होता. दोन्ही दालनांना सुवर्णपदके मिळाली. त्याच प्रदर्शनात स्पेनच्या दालनात पिकासोचे ‘गेर्निका’ हे युद्धविरोधी चित्र होते. एका उन्हाळ्यात एका नदीकाठी एवढे सगळे एकत्र आले होते.

पॅरिसमध्ये शिल्प 33-34 मीटर उंचीच्या दालनावर होते. प्रदर्शन संपल्यावर ते उतरवून परत आणताना बरेच खराब झाले, आणि 1939 मध्ये मॉस्कोतल्या कृषिप्रदर्शनाच्या उत्तर प्रवेशद्वारासमोर ते पुन्हा उभारले गेले, तेही अधिक जाड, दोन मिलिमीटरच्या पत्र्यात. पत्राकाम यांना याचा अर्थ माझ्याहून बरा कळेल. चौथरा मात्र पॅरिसच्या एक तृतीयांशच, दहा-अकरा मीटरचा मिळाला. मुखिना त्याला ‘बुंधा’ म्हणत. झाड तोडल्यावर जमिनीलगत उरतो तो बुंधा. शिल्प नदीकाठच्या उंच जागी हलवावे म्हणून त्यांनी वारंवार लिहिले, त्याचा उपयोग झाला नाही. 1941 मध्ये याच शिल्पासाठी त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले आणि पुढे आणखी चार वेळा ते पारितोषिक मिळाले, पण चौथरा एक वीतभरही उंच झाला नाही. 1953 मध्ये त्या वारल्या तेव्हाही ही जोडी त्या बुंध्यावरच होती.

मी विद्यार्थी असताना पाहिले तेव्हा या सगळ्याची कल्पना नव्हती. पण खाली उभे राहिले की प्रचंड गुडघे आणि घागऱ्याचा घेर अंगावर येई, आणि आपण चुकीच्या जागी उभे आहोत असे वाटत राही. चालत सुटलेल्या माणसांच्या पायांशी उभे राहण्यासारखे होते ते. नेवाकाठ यांनी शेल्याबद्दल जे लिहिले आहे, त्यावरून आज लक्षात येते की मागे ती लांब इमारतच नव्हती. शेला ज्याला जोडायचा तेच नाहीसे झाले होते.

2003 मध्ये दुरुस्तीसाठी शिल्प उतरवले. आतला सांगाडा साध्या पोलादाचा होता आणि तो गंजला होता. काम दोन वर्षांत आटपायचे होते, पण पैशांअभावी रखडले आणि शिल्प 28 नोव्हेंबर 2009 रोजी पुन्हा वर चढले. नवा सांगाडा इतका दणकट केला आहे की एकूण वजन 185 टनांवर, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक गेले. खाली इओफान यांच्या पॅरिसच्या दालनाच्या धर्तीवर इमारत बांधली असून तिच्यात संग्रहालय आहे. मुखिनांना हवी होती ती उंची त्यांच्यामागे 56 वर्षांनी मिळाली.

जाता जाता, ‘मॉसफिल्म’ने हे शिल्प बोधचिन्ह म्हणून पडद्यावर आणले ते 1947 मध्ये. तिथे त्याला चौथऱ्याची अडचण नव्हती.

---

उलटतपासणी

सर्वांचे प्रतिसाद वाचनीय आहेत, पण चर्चेत एक मोठी पोकळी राहते आहे. शिल्पातली स्त्री नुसती शेतकरीण नाही, ती कोल्खोजची, म्हणजे सामुदायिक शेतीवरची शेतकरीण आहे. ही शेती गावांवर सक्तीने लादली गेली आणि त्यानंतर 1932-33 च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि रशियाच्या काही भागांत लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. 7 ऑगस्ट 1932 च्या कायद्याने सामुदायिक शेतातले धान्य उचलणाऱ्याला मृत्युदंड, आणि काही सवलत मिळालीच तर किमान दहा वर्षांची कैद, अशी शिक्षा ठेवली होती. कापणीनंतर जमिनीवर पडलेली कणसे वेचणारेही त्यात सापडले. या कायद्याला पाच वर्षे होण्याआधीच शेतकरणीच्या हातात विळा देऊन तिला पॅरिसला उभे केले. पत्र्याची जाडी सांगायची आणि हे सांगायचे नाही, हे मला पटत नाही.

मुखिनांना याची कल्पना नव्हती असेही म्हणता येत नाही. त्यांचे पती डॉ. अलेक्सेई झामकोव्ह यांनी देश सोडून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि 1930 मध्ये त्यांना व्होरोनेझला हद्दपार केले गेले. मुखिना त्यांच्याबरोबर गेल्या. म्हणजे हद्दपारी भोगून आलेल्या बाईंनीच राज्याची सर्वांत आनंदी प्रतिमा घडवली.

---

नेवाकाठ

उलटतपासणी यांचा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळण्याचा माझा हेतू नव्हता. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

शिल्पाचे काम चालू असताना कारखान्यातूनच वर अशी तक्रार गेली की शेतकरणीच्या घागऱ्याच्या चुण्यांत त्रोत्स्कीचा, म्हणजे स्टालिनने देशाबाहेर घालवलेल्या विरोधकाचा, चेहरा दिसतो. आज हसू येते, पण 1937 मध्ये एवढ्यावर माणसे नाहीशी होत होती. स्टालिन स्वतः रात्री येऊन, दिवे टाकायला लावून चुण्या पाहून गेला असे सांगितले जाते. चेहरा काही सापडला नाही आणि काम पुढे चालू राहिले. लाकडी कुंडात उतरून खांद्याची गोलाई तपासणाऱ्या त्या बाईच्या डोक्यावर हेही होते.

दुसरी गोष्ट अशी की मुखिनांनी याआधी, 1927 साली, ‘शेतकरीण’ नावाचे एक शिल्प केले होते. हाताची घडी घातलेली, जाड पोटऱ्यांची, जमिनीत रुतल्यासारखी उभी असलेली बाई. ती कुठेही निघालेली नाही आणि कोणाला काही दाखवतही नाही. क्रांतीच्या दशकपूर्तीच्या प्रदर्शनात तिला पहिले पारितोषिक मिळाले आणि 1934 मध्ये ती व्हेनिसच्या प्रदर्शनात गेली. ती बाई आणि 1937 ची धावती तरुणी यांच्यामध्ये दहा वर्षे आणि तुम्ही सांगितलेला तो दुष्काळ आहे. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. मला स्वतःला पहिलीच अधिक खरी वाटते, आणि तरीही शेल्याच्या त्या आडव्या झेपेवरून नजर हटत नाही. ही विसंगती मला अजून सोडवता आलेली नाही.

---

पत्राकाम

मुक्काम पोस्ट, अर्ध्या मिलिमीटरवरून दोन मिलिमीटरवर गेले म्हणजे कडकपणा चौपट नव्हे, कितीतरी जास्त वाढतो, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. माझा अंदाज सांगतो. पॅरिसमधल्या पातळ पत्र्यावर प्रकाश थोडा हलत असावा, सपाट भागांवर बारीक लाटा दिसत असाव्यात. जाड पत्रा अधिक टिकतो, पण जरा बधिर दिसतो. जुनी छायाचित्रे मोठी करून पाहायला हवीत.

---

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्न विचारताना एवढे मिळेल असे वाटले नव्हते.

नेवाकाठ यांचे वाचून मी माझी मॉस्कोची छायाचित्रे पुन्हा उघडली. एकूण अकरा आहेत आणि अकराही अगदी समोरून काढलेली आहेत, कारण वाटाड्याने आम्हाला तिथेच उभे केले होते. समोरून हातोडा दिसतो, विळा दिसतो, दोन चेहरे दिसतात. शेला एकाही छायाचित्रात नीट आलेला नाही. त्यासाठी इमारतीला वळसा घालून बाजूला जावे लागते, आणि आमची बस निघायला दहा मिनिटे होती.